हिवाळ्याला चुना

आमच्या घरात हिचे दागिने साध्या कपाटात असतात आणि खाण्याचा सोडा कुलपात असतो. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. हिचं म्हणणं असं, की दागिन्यांना हात लावायची माझी छाती नाही, पण सोड्याच्या बाबतीत माझ्यावर काडीचाही विश्वास ठेवता येत नाही. त्याला कारणही तसंच घडलं. २०२१ सालच्या एका रविवारी ढोकळ्याचं पीठ तयार ठेवून ती सोड्याचा डबा शोधू लागली, तेव्हा तो डबाभर सोडा फिनलंडमध्ये पडलेला होता.

फिनलंड आमच्या जेवणाच्या टेबलावर होतं.

हे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. २०२० साली सगळं जग घरात कोंडलं गेलं, तेव्हा कुणी पाव भाजायला शिकलं, कुणी गच्चीवर मेथी लावली. इंग्लंडात दोन वर्षं नोकरी करून परतलेला माझा भाचा नेमका तेव्हा आमच्याकडे अडकला. त्याच्या सामानात एक पेटी होती आणि पेटीत २८ मिलिमीटर उंचीचे, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे, सव्वाशे बिनरंगी सैनिक. "मामा, रंगवायला हात लावा की जरा," तो म्हणाला. मी एक रंगवला. मग दुसरा रंगवला. टाळेबंदी उठली, भाचा बंगलोरला गेला, पेटी राहिली आणि मी कामातून गेलो.

आज आम्ही पाच जण आहोत. एक दातांचे डॉक्टर, एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, एक वकील, त्या वकिलांचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि बँकेतून निवृत्त झालेला मी. महिन्यातून दोन रविवार आम्ही टेबलाभोवती जमतो, फासे टाकतो, इंचपट्टीनं मोजून पलटणी सरकवतो आणि ज्या लढायांचा निकाल लागून शेदोनशे वर्षं उलटली त्या पुन्हा लढतो. "या वयात खेळण्यांशी खेळता?" असं कुणी विचारलं, की मी एच. जी. वेल्सचं नाव पुढे करतो. त्यानं १९१३ साली या खेळावर अख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. माझी साठी उलटली आहे, हा फरक लोक लगेच दाखवून देतात. लोकांचं गणित अशा वेळी फार चांगलं असतं.

तसा लढाईचा खेळ आपल्याला नवा नाही. चतुरंग आपलंच. हत्ती, घोडा, उंट, प्यादी, सगळा लवाजमा आपल्या पूर्वजांनी पटावर आणला. पण पट ठेवला सपाट. चौसष्ट घरं, त्यात ना ओढा, ना टेकडी, ना चिखल. उंट तिरका पळतो तो वाळूतून की भातखाचरातून, हे कुणी विचारलंच नाही. पटाला जमीन दिली ती प्रशियातल्या राइसविट्झ नावाच्या गृहस्थानं. १८१२ साली त्यानं आपल्या राजाला एक टेबल करून दिलं. त्यासोबत प्लास्टरचे चौकोनी तुकडे होते. कशावर नदी, कशावर रस्ता, कशावर डोंगराचा उतार. हवे तसे जुळवा आणि लढा. योगायोग बघा, त्याच वर्षी नेपोलियन खऱ्याखुऱ्या जमिनीवरून रशियात शिरला आणि जमीन म्हणजे काय असते ते त्याला कळलं.

तर पटावर जमीन आली, म्हणजे तिच्यामागून ऋतूही आला आणि ऋतू आला की भांडण आलंच. माझं भांडण हिवाळ्यावरून आहे.

आमच्या या चिमुकल्या जगात एक पंथ आहे. त्याला मी चुनेवाले म्हणतो. चुनेवाल्याची पद्धत सोपी असते. तो आधी एक हिरवंगार मैदान करतो. त्यावर घरं, झाडं, कुंपणं, सगळं यथास्थित मांडतो. आणि सगळं झाल्यावर वरून पांढरं ओततो. झाला हिवाळा! जणू हिवाळा म्हणजे दिवाळीच्या आधी चाळीच्या मालकानं मारून घेतलेली सफेदी. एकदा फासला चुना, की वर्षभराची निश्चिंती. झाडाच्या बुंध्यावर पांढरं, घराच्या भिंतीवर पांढरं, चुलीतून निघणाऱ्या धुरावरसुद्धा पांढरं. एका बहाद्दरानं तर पेटलेल्या रणगाड्यावर बर्फ टाकलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

मी हे इतक्या अधिकारानं बोलतो आहे, कारण पहिलं वर्षभर मीही चुनेवालाच होतो. माझं ते फिनलंड म्हणजे चुन्याचा कळस होता. टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल (२०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली आणि गणपतीची मखरं गेली, पण टीव्हीबरोबर तो घरात येतच राहिला), त्यावर फेविकॉल, पांढरा रंग आणि खाण्याचा सोडा यांचं दाट मिश्रण. दिसायला अगदी पिठीसाखर भुरभुरलेला केक. शेजारच्या बाई बघायला आल्या आणि "कापणार कधी?" म्हणून विचारून गेल्या. मला तो गौरव वाटला.

मग पावसाळा आला. जून गेला, जुलै गेला आणि ऑगस्टात फिनलंडला कावीळ झाली. आधी कडा पिवळ्या पडल्या, मग तळी, मग सबंध देश. डॉक्टर दातांचे असले तरी डॉक्टरच. त्यांनी नाडी बघितल्यासारखं बोट टेकवलं आणि "सोडा ओला झाला की असंच व्हायचं" असं निदान केलं. तेव्हापासून आमच्याकडे सोड्याला मज्जाव आहे. इंजिनियरसाहेबांनी त्यावर शोधून काढलेला उपाय मला मात्र आजही थोर वाटतो. त्यांनी पांढरी रांगोळी आणली. दगडाचीच पूड ती. पिवळी पडत नाही, मुंग्या लागत नाहीत, मंडईत किलोवर मिळते आणि ती विकत घेताना दुकानदार आपल्याकडे संशयानं बघत नाही. परदेशी बरण्यांतला बर्फ मुठीएवढा येतो आणि पैसे हिमालयाएवढे घेतो. असो. सोडा की रांगोळी, हा वाद किरकोळ आहे. चुना कशाचा, यावर भांडण्यापेक्षा चुनाच का, हे विचारायला हवं.

माझे डोळे उघडले ते सोनमर्गला. २०२२च्या मे महिन्यात आम्ही दोघं एका यात्रा कंपनीबरोबर काश्मीरला गेलो होतो. बाकीची मंडळी बर्फात खेळायला निघाली होती, मी बर्फाचा अभ्यास करायला. खिशात वही, पेन्सिल आणि रंगाच्या छटांचा तक्ता. भाड्यानं घेतलेले गमबूट (दोन्ही डावे) आणि आधीच्या शंभर प्रवाशांचा वास येणारा कोट घालून मी गाडीतून उतरलो. आणि समोर काय? तपकिरी चिखल. त्यात घोड्यांची लीद, कुरकुऱ्यांची पाकिटं, टायरच्या काळ्या रेघा. ही म्हणाली, "हाच का तुमचा बर्फ? पाऊस पडून गेल्यावर आपल्या गल्लीत असंच तर असतं."

मी वही काढली आणि लिहायला लागलो. कारण ही बरोबर बोलत होती. माणसं, जनावरं आणि चाकं जिथून जातात तिथे बर्फ पांढरा राहत नाही. आधी राखाडी होतो, मग मातकट, मग त्याची लापशी होते. पुढे झोजीलाकडे गाडी गेली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना यंत्रानं कापलेल्या बर्फाच्या भिंती होत्या, आणि त्यांत बाकरवडीच्या पापुद्र्यांसारख्या धुळीच्या रेघा. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, मधे मधे धूळ. खडकाच्या वाऱ्याकडच्या अंगाला नुसता काळा दगड आणि आडोशाच्या अंगाला छातीएवढा ढीग. उभ्या कड्यावर काही टिकत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती खळगा पडतो. आणि सावली? बर्फावरची सावली निळी असते हो! चांगली गुलबक्षी-निळी. माझ्या तक्त्यात तो रंग 'सायंकाळ' म्हणून होता. मी अर्धा तास त्या सावलीसमोर उभा राहिलो. घोडेवाल्याला वाटलं, साहेबांना चक्कर आली. त्यानं मला सावलीतून उचलून उन्हात बसवलं.

परत आल्यावर मी जाहीर केलं, की यापुढे माझ्या टेबलावर पांढऱ्या रंगाची सुरुवात निळसर राखाडीनं होईल, बर्फ एकाच दिशेनं साचेल आणि रस्ता घाण असेल. घाण करण्याचीही एक कला आहे. चहाची वाळलेली पूड, विटेचा भुगा, जुन्या टूथब्रशनं उडवलेले गढूळ शिंतोडे. डॉक्टरांना हे पटलं नाही. ते आमच्यातले आद्य चुनेवाले. दिवसभर लोकांचे दात पांढरे करणाऱ्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार? त्यांचा युक्तिवाद मात्र ऐकून घेण्यासारखा होता. "अहो," ते म्हणाले, "खेळ आहे हा. टेबल बघितल्याबरोबर माणसाच्या तोंडून 'वा!' निघायला हवं. पांढरं दिसलं की हिवाळा, हे पोरालासुद्धा कळतं. तुमची घाण बघून लोक विचारतील, झाडू मारायचा राहिला का?"

हे खरं आहे. माझ्या टेबलाकडे बघून आमच्या मोलकरणीनं झाडूच आणला होता.

पण 'वा!' म्हणवून घेण्याच्या नादात आपण कुठे जातो बघा. त्याच वर्षी डॉक्टरांनी बेरेझिना नदीचा देखावा केला. १८१२चा नोव्हेंबर, मॉस्कोहून परतणारं नेपोलियनचं उरलंसुरलं सैन्य, मागे रशियन, पुढे रशियन आणि मधे नदी. डॉक्टरांनी जीव ओतला होता. दोन्ही काठ शुभ्र, आणि नदी म्हणजे आरशाच्या काचेवर व्हार्निश देऊन केलेला गोठलेला बर्फ. इतका सुंदर, की वकिलांनी त्यात भांग पाडला.

मी म्हटलं, "डॉक्टर, नदी गोठलीय होय?"

"रशिया आहे हो. नोव्हेंबर अखेर. गोठणार नाही तर काय उकळणार?"

"मग एवढी सगळी माणसं काठावर कशासाठी थांबलीत? चालत जाऊ देत की पलीकडे!"

डॉक्टर गप्प झाले. कारण बेरेझिनाचं सगळं दुखणं तेच होतं. नदी गोठलेली असती तर नेपोलियन तोफांसकट चालत पलीकडे गेला असता. पण त्याआधीच्या दिवसांत हवा उबदार झाली, बर्फ वितळला आणि नदी वाहू लागली. रशियाच्या थंडीनं नेपोलियनला खाल्लं असं आपण शाळेत शिकलो. पण ज्या एका दिवशी त्याला ती थंडी हवी होती, नेमकी त्याच दिवशी ती रजेवर गेली. मग जनरल एब्लेच्या माणसांनी गावातली लाकडी घरं मोडून तुळया काढल्या आणि वाहत्या हिमखंडांमधे, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून दोन पूल बांधले. त्या पुलांवरून हजारो माणसं वाचली. पूल बांधणारे बहुतेक वाचले नाहीत. एब्ले स्वतः त्याच वर्षाच्या अखेरीला गेला.

आता सांगा, नदीवर काच बसवली म्हणजे नुसती नदीच झाकली जाते का? त्या पाण्यात उभी असलेली माणसं झाकली जातात. त्यांना टेबलावर जागाच उरत नाही. डॉक्टर म्हणाले, "पण दिसायला सुंदर आहे ना?" आता यावर काय बोलायचं! आम्ही ती लढाई खेळलो. तिसऱ्या फाशाला वकिलांचं सगळं घोडदळ काचेवरून पलीकडे गेलं आणि दहा मिनिटांत नेपोलियन घरी पोचला.

माझं फिनलंडही मी पुन्हा केलं. १९४०च्या जानेवारीतला तो राटेचा रस्ता. दोन्ही बाजूंना घनदाट रान, कमरेपेक्षा खोल बर्फ, उणे तीसच्या खाली गेलेला पारा आणि त्या एका चिंचोळ्या रस्त्यावर मैलोगणती लांबलेलं रशियाचं एक सबंध डिव्हिजन: रणगाडे, मालमोटारी, तोफा, स्वयंपाकाच्या गाड्या. रस्ता सोडला की गाडी रुतते. फिन लोक मूठभर, पण पायांत स्की बांधून रानातून सळसळत येणारे. त्यांनी त्या लांबच लांब रांगेचे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा स्वतंत्र गाठला. या तुकड्यांना ते 'मोत्ती' म्हणत, म्हणजे त्यांच्या भाषेत रचून ठेवलेला सरपणाचा ढीग. मला मराठीतली मोट आठवली. संबंध काही नाही, पण मोट बांधली जाणं म्हणजे काय ते कळलं. या लढाईत बर्फाची खोली वेगवेगळी नसेल, म्हणजे रस्ता तुडवलेला आणि रान भुसभुशीत असं नसेल, तर लढाईच होत नाही. पहिल्या खेपेला मी सगळीकडे सारखाच केक थापला होता आणि फिन दर वेळी हरत होते. मी फाशांना दोष देत असे. दोष चुन्याचा होता.

इथवर मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. मग झोजीला केला.

आपल्याच देशातली ही हिवाळी लढाई आपल्या टेबलांवर कधी दिसत नाही, याचा मला राग होता. सगळ्यांना स्टालिनग्राड हवं. इथे १९४८ साली साडेअकरा हजार फुटांवरची खिंड अडलेली, सप्टेंबरातले पायदळाचे हल्ले फसलेले, लडाखची वाट बंद. मग जनरल थिमय्यांनी ठरवलं, की तिथे रणगाडे न्यायचे. सातव्या घोडदळाचे स्टुअर्ट रणगाडे माथे उतरवून, ताडपत्रीत गुंडाळून श्रीनगरवरून गुपचूप बालतालला नेले. मद्रास सॅपर्सनी खेचरांच्या वाटेचा रणगाड्यांचा रस्ता केला. मधेच हिमवर्षाव झाला, बेत लांबला आणि १ नोव्हेंबरला रणगाडे खिंडीतून वर निघाले. पलीकडच्यांनी एवढ्या उंचीवर रणगाडा स्वप्नातही बघितला नव्हता. महिना संपायच्या आत फौज कारगिलला पोचली.

तीन महिने खपून मी खिंड उभी केली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, बर्फ वाऱ्याच्या दिशेनं साचलेला, निळ्या सावल्या, रणगाड्यांच्या साखळ्यांचे ठसे. आणि मग आमच्या सोसायटीतल्या सुभेदारांना मुद्दाम चहाला बोलावलं. ते सातारकडचे. नव्वदच्या दशकात सियाचिनला होते आणि डाव्या पायाची दोन बोटं तिथेच ठेवून आले आहेत. त्याबद्दल ते स्वतःहून कधी बोलत नाहीत. मला त्यांच्या तोंडून 'वा!' ऐकायचा होता. डॉक्टरांना नावं ठेवणारा मी, माझी हौस काही वेगळी नव्हती.

सुभेदार बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "साहेब, ही माणसं अशी ताठ का उभी?"

मी म्हटलं, "विकत मिळतात तशीच लावलीत."

"वारा कुठून येतोय?"

मी अभिमानानं दाखवलं.

"मग सगळी त्याच्याकडे तोंड करून कशी? माणूस वाऱ्याकडे पाठ करतो, साहेब. वाकतो. हात काखेत घालतो. आणि हे चौघं असे लांब लांब का पसरलेत? ताज्या बर्फावर पाय कोण ठेवतो? खाली काय असंल, कुणाला ठाऊक? पुढचा जिथं पाय ठेवील तिथंच मागचा ठेवतो. सगळ्यांची मिळून एकच वाट होते." असं म्हणून त्यांनी माझ्या तीन महिन्यांच्या बर्फात बोट घातलं आणि खालपासून वरपर्यंत हळूहळू एक वाकडी रेघ ओढली. मधे दोनदा थांबले. एका ठिकाणी रेघ का वळवली ते मी विचारलं नाही. मग बोटाला लागलेली रांगोळी त्यांनी रुमालाला पुसली, चहा घेतला, नातवाच्या शाळेबद्दल बोलले आणि गेले.

ती रेघ मी बुजवली नाही. बाकी सगळी खिंड नंतर दोनदा उकरून पुन्हा केली, पण ती रेघ आहे तशी आहे. विकतचे सैनिक गरम पाण्यात बुडवून वाकवायचे प्रयोगही केले. तिघांचे हात काखेत गेले. चौथ्याची मान तुटली.

या सगळ्याचा शेवट पानिपतात होणार हे उघडच होतं. मराठी माणूस हिवाळ्याबद्दल इतकं बोलतो आणि १४ जानेवारी १७६१ टाळतो, हे शक्य नाही. मी बेत जाहीर केल्याबरोबर डॉक्टरांचे डोळे चमकले. "थोडं पांढरं मात्र टाकू या," ते म्हणाले. "दव म्हणून. नाहीतर हिवाळा आहे हे कळणार कसं?"

मी टेबलावर मूठ आपटली. दोन गारदी पडले.

अहो, हाच तर आपला हिवाळा! त्यात बर्फाचा कण नाही. पानिपतचं मैदान कोरडं, सपाट, धुळीचं. मराठ्यांची छावणी तिथे नोव्हेंबरपासून अडीच महिने खिळलेली. भोवती खंदक. दिल्लीची वाट तुटलेली, रसद आणायची ती गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. माणसांना अन्न नाही, जनावरांना वैरण नाही. हजारो घोडी आणि बैल अडीच महिने एका जागी असतील तर तिथे गवताची काडी राहील का? लाखभर माणसांना थंडीत शेकायला आणि रांधायला सरपण लागलं असेल, तर जवळपास झाड उभं असेल का? म्हणजे पानिपतचा हिवाळा करायचा तर काही टाकायचं नाही, उलट काढून घ्यायचं. गवत खरवडून काढायचं. झाडांचे बुंधे ठेवायचे. आणि दिवा लावायचा तो दक्षिणेकडून, खाली. कारण मराठे त्या सकाळी दक्षिणेकडे तोंड करून निघाले आणि जानेवारीतला सूर्य तिकडेच झुकलेला असतो. डोळ्यांवर येणारं ऊन हासुद्धा हिवाळाच आहे. तो चुन्यानं दाखवता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, "मग हे टेबल उन्हाळ्यातल्या टेबलासारखंच दिसेल."

"दिसू दे."

"आणि लोकांना कळणार नाही."

"त्यांना आपण सांगू."

"म्हणजे देखाव्याशेजारी तुम्ही उभं राहून भाषण करणार!" हे वकील. ते कुणाच्या बाजूनं होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण टोला बरोबर बसला, हे मला कबूल करायला हवं. डॉक्टरांच्या टेबलाशेजारी कुणाला उभं राहावं लागत नाही.

तरी मी हटलो नाही. कुंडीतली माती चाळून घेतली. जुन्या पायपुसण्याचा काथ्या कापून खुंटलेलं गवत केलं आणि त्यातलं तीनचतुर्थांश पुन्हा उपटलं. झाडांसाठी वाळलेल्या तुळशीच्या काड्या लागत होत्या. त्यांची परवानगी मिळायला आठवडा गेला. "लढाईसाठी तुळस?" असं ही दोनदा म्हणाली आणि शेवटी स्वतःच काड्या निवडून दिल्या. त्यांचेही मी शेंडे उडवले. खंदक खणला. तोफा लावल्या. अंगठ्याच्या पेराएवढे इब्राहिमखान, विश्वासराव आणि भाऊसाहेब जागच्या जागी उभे केले, वाऱ्याकडे पाठ करून. दक्षिणेकडून टेबललॅम्प लावला आणि हिला हाक मारली.

ती पदराला हात पुसत आली. सोड्याच्या प्रकरणापासून ती माझ्या टेबलाकडे बघत नसे. ताटं मांडायला जागा झाली का, एवढंच विचारत असे. या वेळी मात्र दिव्याच्या उजेडात खाली वाकून बघू लागली. खंदकाच्या आतल्या मोकळ्या जागेवर तिची नजर थांबली.

"इथे काय आहे?"

"छावणी. म्हणजे होती. लढाई पुढे मैदानात आहे ना, म्हणून ती रिकामी ठेवलीय."

"आणि बायका कुठायत?"

"अं?"

"अहो, बायका-पोरं होती ना बरोबर? यात्रेला म्हणून आलेली? पार्वतीबाई होती. त्या सगळ्या थंडीत कुठे होत्या?"

मी पेटीत बघितलं. पेटीत घोडेस्वार होते, बंदूकवाले होते, तोफा ओढणारे बैलसुद्धा होते. मग भाच्याला फोन लावला. त्यानं इंग्लंडातल्या दोस्तांकडे चौकशी केली आणि सांगितलं, "मामा, ज्या पेट्या त्यांना ठाऊक आहेत, त्यांत तसलं काही येत नाही."

तेव्हापासून मी राहुट्या शिवतो आहे. कापड हिच्या एका विटक्या सुती लुगड्याचं. पांढरं होतं, आता मातकट झालंय, म्हणजे माझ्या कामाचं. इंचभर उंचीच्या राहुटीला सोळा टाके पडतात. सुईत दोरा ओवायला मला चष्मा पुरत नाही, तो ही ओवून देते. बायकांच्या मूर्ती मेणाच्या करून बघतो आहे. बसलेल्या करतो, उकिडव्या, डोक्यावरून पदर घट्ट लपेटलेल्या, पाचसहा जणींचा एकेक घोळका. एका मुलाची मूर्तीही जमली आहे. आतापर्यंत झाल्या एकोणीस. किती करायच्या, ते इंजिनियरसाहेब हिशोब करून सांगणार होते, पण त्यांनी टेबलाची मापं घेतली, कागदावर काहीतरी मांडलं आणि तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

डॉक्टर मागच्या रविवारी आले होते. बराच वेळ बघत उभे राहिले. पांढऱ्याबद्दल काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "मेण दवाखान्यात पडून असतं माझ्याकडे, पाठवून देतो."

सोडा अजून कुलपातच आहे.